तुम्हाले योग्य वाटेल ते

लग्न झालं तेव्हापासून लांजेवारांच्या घरात बोलायचं काम शामलाबाईंचं होतं. चंपतराव वाचायचे. हे काही कुणी बसून ठरवलं नव्हतं. कळमन्याच्या बाजार समितीत चंपतराव एकतीस वर्षं कारकून होते. बाहेर यार्डात लिलावाचा असा गलका असायचा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे, आणि हे आत दप्तराच्या खोलीत कपाटाच्या आडोशाला पोळीचा डबा उघडून, गुडघ्यावर पुस्तक ठेवून बसलेले. साहेबांनी बोलावलं की त्यांच्या तळहातांना घाम सुटायचा. भाजीवाला, बँकेतला माणूस, रोहितच्या शाळेतले मास्तर, दुखणंखुपणं निघालं की डॉक्टर, सगळ्यांशी शामलाबाईच बोलायच्या. एकदा चंपतरावांची दाढ दुखत होती, तर दवाखान्यात चंपतराव खुर्चीत आ करून बसले आणि मागून शामलाबाई सांगू लागल्या, "वरची दाढ हाय त्यांची, डावीकडची. गोड खाल्लं का ठणकते. रातभर कण्हत राह्यतात, पण तोंडानं सांगन तर शप्पथ."

डॉक्टर हसले. चंपतरावही आ केल्या तोंडाने जमेल तेवढं हसले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. आपल्या वाटणीचं अर्धं जगणं कोणीतरी परस्पर उरकून देतंय, याचं उलट हायसंच वाटायचं त्यांना.

मार्चातल्या त्या गुरुवारी शामलाबाई गच्चीवर मुगवड्या घालत होत्या. वड्या घालता घालता त्यांची खाली गल्लीतल्या भाजीवाल्याशी सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांवरून हुज्जत चालली होती. "धाच्या दोन दे, नाही तं जाय पुढं," असं कठड्यावरून बजावून त्या जिन्याकडे वळल्या आणि पहिलीच पायरी चुकल्या. खाली चंपतराव वाचत होते. धप्पकन आवाज झाला तेव्हा ते उठले नाहीत. गच्चीवर काहीतरी पडलं असेल, आता ती स्वतःवरच चिडून बोलेल, असं त्यांना वाटलं. ते बोलणं काही आलं नाही, तेव्हा ते धावले.

उजव्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजाऱ्यांच्या गाडीतून रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो पाहून सांगितलं की खुब्याचा गोळा काढून नवा बसवावा लागेल. बहात्तर वय आहे, अंथरुणावर जितके कमी दिवस तितकं बरं, शनिवारी सकाळी करून टाकू. चंपतरावांनी मान हलवली. बाहेर येऊन त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला आणि रोहितने "कसं काय झालं, बाबा?" असं विचारलं तेव्हा त्यांना फक्त "ये तू," एवढंच म्हणता आलं. शुक्रवारी सकाळी रोहित आणि सून काजल दोघंही खोलीच्या दारात उभे राहिले तेव्हा चंपतरावांनी चोवीस तासांत पहिल्यांदा पाठ टेकली. आता बोलायला माणूस आलं होतं.

अकराच्या सुमारास भूल देणाऱ्या डॉक्टर आल्या. डॉक्टर सुरुची. पस्तिशीच्या असतील, चष्मा कपाळावर चढवलेला, आणि घाई असूनही बसून बोलणाऱ्या. त्यांनी शामलाबाईंचं बीपी पाहिलं, तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली, घरच्या गोळ्या विचारल्या.

"आजी, याआधी कधी ऑपरेशन झालंय?"

"झालं ना. हा पोट्टा पोट कापूनच तं काढला," शामलाबाई रोहितकडे बोट करून म्हणाल्या. "तवापासून जे माह्यं डोकं खाऊन राहिला."

"तेव्हा भूल कोणती होती? पूर्ण झोपवलं होतं, की कमरेत इंजेक्शन?"

"पूर्ण झोपवलं होतं," शामलाबाई म्हणाल्या. मग क्षणभर थांबून, "आताही तसंच झोपवजा, बाई."

"नाही, नाही, आई," रोहित लगेच पुढे झाला. "पूर्ण भूल नाही घ्यायची या वयात. डॉक्टर, माझ्या साहेबांचे वडील, हर्नियाचं साधं ऑपरेशन, पूर्ण भूल दिली. घरी आले आणि स्वतःच्या बायकोला विचारायला लागले, तुम्ही कोणाकडच्या पाहुण्या? वर्ष झालं, अजून तसेच आहेत. कमरेतलंच द्या."

"मले नाही पाह्यजे कमरेतलं."

"काहून पण? कारण तर सांग ना."

शामलाबाईंनी तोंड उघडलं. चंपतराव खिडकीशी उभे होते. त्यांना ते कारण ठाऊक होतं, त्या दोघांशिवाय जगात आता दुसऱ्या कोणालाही ते ठाऊक नव्हतं. त्यांनी श्वास धरला. शामलाबाई मुलाकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं.

"त्यांले विचारा तुम्ही," नवऱ्याकडे हनुवटी करून त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "आमचे हे सांगतीन तुम्हाले."

डॉक्टरांनी चंपतरावांकडे पाहिलं. चंपतराव गडबडून खिडकीबाहेर पाहू लागले. "ठीक आहे," डॉक्टर उठत म्हणाल्या. "माझ्या दोन केसेस आहेत. चार वाजता परत येते, तेव्हा ठरवू."

दुपारी रोहित आणि काजल खाली जेवायला गेले. शामलाबाईंनी पायाला बांधलेल्या वजनाला धक्का न लावता मान वळवली.

"इकडं या. दार लावून घ्या."

चंपतराव पलंगापाशी स्टुलावर बसले.

"थ्या डॉक्टरीण बाईले एकटीले गाठा. पोराच्या समोर नोका बोलू. तिले सांगा का हिले पयलं बाळंतपण झालं तवा कमरेत दिलं होतं. काय झालं ते सांगा. मंग ते नाही म्हणणार नाही."

"मी?"

"नाही तं काय मी उठून जाऊ, या तंगडीनं?"

एकोणपन्नास वर्षांत हा विषय त्यांच्यात दोनदाच निघाला होता, दोन्ही वेळा तिनेच काढला होता. आज तिसऱ्यांदा.

"मले सारं ऐकू येत होतं हो," शामलाबाई छताकडे पाहत म्हणाल्या. "पाय माह्ये नव्हते, पोट माह्यं नव्हतं, पण कान होते ना. तोंडापुढं पडदा लावला होता. कैच्या ठेवल्याचा आवाज, पाण्याचा आवाज. मंग पोर काढली त्याईनं. आन् कोणीच काही बोलेना. मी म्हटलं आता रडन. मंग रडन. मी मनातल्या मनात आकडे मोजून राहिली होती. एक सिस्टर दुसरीले म्हणे, हळू, आई जागी हाय."

बाहेर कोणीतरी औषधांची ट्रॉली ढकलत गेलं. ती गेल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्ना तसं पडद्यामागं पडून ऐकत राहणं माह्याच्यानं नाही होणार. मेली तरी चालन, पण झोपेत. रोहितच्या टाइमले मीच भांडून पूर्ण बेहोशी मागितली होती."

"मंग आता सांगून टाक रोहितले," चंपतराव कसेबसे म्हणाले. "मोठा झाला तो. बेचाळीसचा हाय."

"नाही सांगाचं. त्याच्या आधी कोणी होतं, तो कोणाच्या जागेवर आला, हे त्याले कायले पाह्यजे? इतके वर्सं नाही सांगितलं, आता हाड मोडलं म्हणून सांगू? तुम्हीच बोलले होते ना तवा, याले कधी समजू द्याचं नाही म्हणून."

ते खरं होतं. रोहित झाला त्या दिवशी, कुहीला, गावच्या घरी जाऊन आपल्या आईला बातमी सांगायच्या आधी, त्यांनीच ते म्हटलं होतं. पहिलीला त्यांनी आणि त्यांच्या वडिलांनी पुरायला शेतात, धानाच्या बांधीजवळ नेलं होतं. ते परत आले तेव्हा शामलाबाईंनी "कशी होती दिसाले?" एवढं विचारलं होतं आणि चंपतरावांना तेही सांगता आलं नव्हतं.

"सांगान ना?"

"सांगतो."

"आयुष्यात एक काम सांगितलं तुम्हाले बोलाचं," शामलाबाई म्हणाल्या, आणि दुखत असतानाही हसल्या. "इतके पुस्तकं वाचून राह्यले, चार वाक्यं नाही येत का?"

चार वाजायच्या आधीच चंपतराव बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं. 'मॅडम, दोन मिनिटं तुमच्याशी एकट्याने बोलायचं होतं.' एवढं म्हटलं की पुढचं आपोआप येईल. त्यांनी ते वाक्य ओठ न हलवता वीसेक वेळा म्हटलं. तोंडाला कोरड पडली म्हणून ते पाणी प्यायला कोपऱ्यावर गेले, आणि वळून पाहतात तर डॉक्टर सुरुची येऊन उभ्या होत्या आणि रोहित त्यांच्याशी बोलत होता.

"हे पाहा," डॉक्टर सांगत होत्या, "पूर्वी आम्हालाही वाटायचं की म्हाताऱ्या माणसांना पूर्ण भूल वाईट. पण यावर मोठे अभ्यास झालेत. खुब्याच्या ऑपरेशनात दोन्हींमध्ये फार फरक दिसला नाही. नंतरचा गोंधळ दोन्हींत होऊ शकतो. आजींचं हृदय चांगलं आहे, छाती साफ आहे. मी दोन्ही देऊ शकते, खरंच. म्हणून त्यांना स्वतःला काय हवंय ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, आजोबा सांगतील." त्या चंपतरावांकडे वळल्या. "काय म्हणणं आहे त्यांचं, आजोबा?"

रोहित हातभर अंतरावर होता. त्याचे डोळे रात्रभराच्या जाग्रणाने लाल झाले होते. चंपतरावांनी घसा साफ केला. 'मॅडम, दोन मिनिटं.' वाक्य तयार होतं, पण ते बोललं तर रोहित विचारेल, एकट्याने काय बोलायचंय? मग काय सांगायचं? आणि त्या वाक्याच्या मागे आणखी एक गोष्ट उभी होती. ती त्यांना नीट दिसली, म्हणूनच पुढे कित्येक दिवस त्यांना स्वतःच्या लाजाळूपणावरही विश्वास ठेवता आला नाही. रोहितच्या साहेबांच्या वडिलांची गोष्ट त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. शामला शुद्धीवर आली आणि तिने 'तुम्ही कोणाकडचे?' असं विचारलं, तर? फरक नाही, असं ही पोरगी म्हणते. फार फरक नाही, म्हणते. 'फार' म्हणजे किती? शामला बोलायची थांबली तर या घरातून जगाशी बोलणार कोण?

"आजोबा?"

"तुम्हाले योग्य वाटेल ते," चंपतराव म्हणाले.

हे वाक्य त्यांनी आयुष्यभर वापरलं होतं. साहेबांना, शिंप्याला, पंगतीत वाढणाऱ्याला. ते इतकं नम्र वाक्य होतं की त्यावर कोणी कधी रागावलं नव्हतं.

"तर मग कमरेतलंच द्या," रोहित म्हणाला. "बाबांचंही तेच म्हणणं आहे."

डॉक्टर क्षणभर चंपतरावांकडे पाहत राहिल्या. त्यांनी काहीतरी बोलावं म्हणून त्या थांबल्या होत्या, हे चंपतरावांना कळत होतं. मग त्यांच्या फोनची घंटी वाजली आणि त्या गेल्या.

संध्याकाळी सिस्टरने संमतीचा कागद आणला. त्यावर 'स्पायनल', म्हणजे कमरेतली भूल, या शब्दाभोवती गोल केलेला होता. नातेवाइकाच्या सहीच्या जागी चंपतरावांनी जुन्या कारकुनी वळणाची देखणी सही केली. पेशंटच्या रकान्यात रोहितने आईच्या हातात पेन दिलं. तिने चष्म्याशिवाय सही केली आणि मुलाच्या पाठीआडून नवऱ्याकडे पाहिलं. भुवया उंचावल्या. सांगितलं? चंपतरावांनी मान किंचित हलवली. ती हो होती की अजून नाही, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. शामलाबाईंनी ती हो धरली आणि उशीवर डोकं टेकलं.

बोलता येत नाही तर लिहावं, हे त्यांना मग सुचलं आणि जिवात जीव आला. लिहिणं हे त्यांचं काम. खिशातल्या छोट्या वहीत त्यांनी बाकावर बसून सुरुवात केली. 'मा. डॉक्टर मॅडम यांस, सविनय नमस्कार. उपरोक्त रुग्णाच्या संदर्भात आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की,' इथपर्यंत आलं आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली. पान फाडलं. दुसऱ्या पानावर सरळ लिहिलं, 'तिला पहिली मुलगी झाली होती.' पुढचं वाक्य लिहायला त्यांनी पेन टेकवलं. कशी होती दिसायला, ते आठवलं. केस खूप होते. हे तिला अजून कधीच सांगितलं नव्हतं आणि आता एका अनोळखी डॉक्टरीणबाईंना वहीच्या पानावर कळवायचं? अखेर चार ओळी झाल्या. चिठ्ठी घडी करून ते सिस्टरच्या टेबलापाशी गेले.

"भूलवाल्या मॅडम हायत का?"

"गेल्या ना काका घरी. उद्या सकाळी सातला येतील डायरेक्ट ऑपरेशन थिएटरात. काही निरोप आहे का? मी फोन लावून देऊ?"

सिस्टरने फोनवर हात ठेवला. बाजूला दोन बायका उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहत होत्या.

"नाही, नाही," चंपतराव म्हणाले. "सकाळी पाहू."

सकाळी सातला स्ट्रेचर निघालं. शामलाबाईंच्या हातातल्या बांगड्या काढून काजलच्या पर्समध्ये ठेवल्या होत्या, दातांची कवळी डबीत. कवळीशिवाय त्यांचं तोंड लहान झालं होतं. लिफ्टमध्ये रोहित, काजल, दोन माणसं, स्ट्रेचर. चंपतरावांना जागा उरली नाही. ते जिन्याने निघाले. दोन मजले चढून, धापा टाकत वर पोहोचले तोवर स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी गेलं होतं. शामलाबाईंनी त्यांना पाहिलं आणि हात वर केला.

"सांगितलं ना हो?" कवळी नसल्याने शब्द फसफसत आले.

"काय सांगायचंय, आई?" रोहितने विचारलं.

"तुह्यं काही नाही. सांगितलं ना?"

चंपतरावांच्या खिशात चिठ्ठी होती. दार उघडं होतं. आत हिरवे कपडे घातलेली माणसं ये-जा करत होती, डॉक्टर सुरुची त्यांतली कोणती हेही ओळखू येत नव्हतं. तोंडाला मास्क बांधल्यावर सगळे सारखेच. कोणालाही चिठ्ठी दिली असती तरी पोहोचली असती. "हो," ते म्हणाले.

शामलाबाईंचा चेहरा सैल झाला. दार बंद झालं.

पावणेदोन तास लागले. मधे काजलने चहा आणून दिला, तो हातात गार झाला. रोहित औषधाच्या दुकानात गेलेला असताना दार उघडून डॉक्टर सुरुची बाहेर आल्या. टोपी काढून त्यांनी कपाळ पुसलं.

"छान झालं ऑपरेशन. काळजी नको. एक विचारू का, आजोबा?" त्या बाकावर त्यांच्याशेजारी बसल्या. "कमरेत इंजेक्शन देताना आजी अगदी शांत होत्या. पाय बधिर झाले, पडदा लावला, तरी शांत. म्हणाल्या, झोप कधी येईल? मी म्हटलं, झोपेचं नाही हे, आजी, कमरेचं आहे. तर रडायला लागल्या. सारखं एकच. ह्यांनी सांगितलं नाही का, ह्यांनी सांगितलं नाही का. मी थोडं झोपेचं औषध दिलं, पण त्यांचा डोळा काही लागला नाही. हाडावर ठोकायला लागले तेव्हा माझा हात एवढा घट्ट धरला होता त्यांनी." त्यांनी मनगट दाखवलं. त्यावर नखांचे चार बारीक अर्धगोल उमटले होते. "काय सांगायचं होतं?"

काजल दूर खिडकीशी फोनवर बोलत होती. आणि आता, सगळं होऊन गेल्यावर, चंपतरावांना ते चार वाक्यांत सांगता आलं. चिठ्ठीही लागली नाही. पहिली मुलगी, कमरेतलं इंजेक्शन, पडदा, आणि सिस्टर काय म्हणाली ते.

डॉक्टरांनी हातातली टोपी मांडीवर ठेवली.

"एवढंच?" मग त्या हळू आवाजात म्हणाल्या. "अहो, दिली असती मी पूर्ण भूल. काहीच अडचण नव्हती. कारणसुद्धा नको होतं मला. त्यांना तशी हवी आहे, एवढं म्हणाला असतात तरी चाललं असतं."

त्या उठल्या, चार पावलं गेल्या, परत आल्या. "मीही आणखी विचारायला हवं होतं," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

दुपारी शामलाबाईंना खोलीत आणलं. रोहितने वाकून विचारलं, "आई, मी कोण?"

"मालगुजार. गावाचा मालक," शामलाबाई म्हणाल्या. "कवळी दे माही."

रोहित रडला आणि हसला. त्याने पुण्याला, हैदराबादला, कुहीला फोन लावले. सगळ्यांना सांगितलं की डोकं एकदम साफ आहे, बरं झालं पूर्ण भूल घेतली नाही. शामलाबाई डोळे उघडे ठेवून ऐकत होत्या. खरंच सगळं साफ होतं. वार कोणता, गोळी कोणती, काजलने बांगड्या कुठे ठेवल्या, सगळं. त्यांना काहीच विसरायला झालं नव्हतं.

संध्याकाळी पोरं खाली गेली तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्ही सांगितलं होतं ना?"

चंपतरावांनी पाण्याच्या पेल्यावर झाकण ठेवलं. "सांगितलं होतं."

"मंग त्या पोरीनं ऐकलं नाही."

चंपतरावांनी पेला उशाजवळ सरकवला.

"ऐकलं नाही तिनं," शामलाबाई पुन्हा म्हणाल्या, यावेळी स्वतःलाच. "मले वाटलंच. तुमचं कोण ऐकते. जोरानं बोलत नाही ना तुम्ही. मी वाट पाहून राहिली होती. म्हटलं, आता येईन झोप. मंग येईन."

रविवारी सकाळी दहा वाजता डॉक्टर सुरुची पाहायला आल्या. रोहित सफरचंद कापत होता, काजल सासूचे केस विंचरत होती. "काय म्हणतात आजी? दुखतंय का?"

"दुखते ते दुखते," शामलाबाई म्हणाल्या. उशीवर जेवढं उठता येईल तेवढ्या उठल्या. "तुले एक विचारतो, बाई. आमच्या ह्यांनी तुले येऊन सांगितलं होतं का नाही, हिले पूर्ण झोपवून द्या म्हणून? भल्या माणसानं जन्मात कोणाले काही मागितलं नाही. त्यानं एक गोष्ट मागितली, तेही तुम्हाले ऐकाले जड झाली? गरीब माणूस दिसला म्हणून? खालच्या आवाजात बोलते म्हणून?"

तिचा जुना आवाज होता तो. बँकेतला, शाळेतला, दाताच्या दवाखान्यातला. चंपतरावांच्या बाजूने उभा राहिलेला.

डॉक्टर सुरुचींनी चंपतरावांकडे पाहिलं. नुसतं पाहिलं आणि थांबल्या, शुक्रवारी थांबल्या होत्या तशाच.

"एक मिनिट," रोहितने सुरी खाली ठेवली. "बाबांनी तुम्हाला सांगितलं होतं? माझ्याशिवाय? आणि तुम्ही ते कोणाला सांगितलंही नाही, नोंदही नाही? पेशंटने एक सांगायचं आणि तुम्ही दुसरंच करायचं? मी वर तक्रार करतो. लेखी करतो."

"रोहित," काजल म्हणाली.

"का? माझी आई रडली आत. काल सिस्टरच सांगत होती. मॅडम, तुम्ही बोला ना. सांगितलं होतं की नाही यांनी?"

डॉक्टर सुरुची हातातल्या फाइलकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "राहून गेलं असेल माझ्याकडून," त्या म्हणाल्या. "आजी, माफ करा मला."

"लेखी माफी द्या," रोहित म्हणाला.

चंपतरावांना आपला स्वतःचा आवाज ऐकू आला, दुसऱ्याच कोणाचा असावा तसा. "नाही," ते म्हणाले. "मी नाही सांगितलं. त्याईनं दोनदा विचारलं मले. मीच नाही सांगितलं."

काजलच्या हातातली फणी केसांतच राहिली.

"पण शनिवारी आई दारात विचारत होती, तेव्हा तुम्ही हो म्हणालात ना," रोहित म्हणाला.

"तवाही नव्हतं सांगितलं."

शामलाबाई नवऱ्याकडे पाहत होत्या. त्या रागावतील, असं त्यांना वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. जिन्यातली ती पायरी त्यांनी पाहिली नव्हती, नवऱ्याला मात्र आता नीट, शेवटपर्यंत पाहिलं. मग मान हळूच भिंतीकडे वळवली. डॉक्टर सुरुची आवाज न करता बाहेर गेल्या.

"पण काय नाही सांगितलं, बाबा?" रोहितने विचारलं. "आईला पूर्ण भूल काहून पाहिजे होती? काय आहे काय हे?"

असा प्रश्न आला की घरात काय होतं, ते चंपतरावांच्या अंगवळणी पडलेलं होतं. ते शामलाबाईंकडे पाहायचे आणि शामलाबाई बोलायला लागायच्या. त्यांनी पाहिलं. पांढऱ्या उशीवर अर्धवट विंचरलेले केस, त्यात अडकलेली फणी, भिंतीकडे वळलेला गाल. डोळे मिटलेले होते. पण झोप नव्हती, पापण्या हलत होत्या.

"बाबा?"

चंपतराव पलंगाच्या दांड्याला धरून उभे राहिले. अजून एखादा क्षण थांबलं तर ती बोलेल, असं त्यांना वाटत होतं.